एकशे दोन किलोंच्या आत

निवडीची शेवटची धाव महासंघाने बारा डिसेंबरला ठेवली, आणि बारा डिसेंबरच्या चौकटीत कॅलेंडरवाल्यांनी इवेता हे नाव छापलेलं आहे. इथवर ठीक होतं. पण त्याच चौकटीत, इवेताला खेटून, ओतिलिया हेही नाव छापलेलं आहे. राष्ट्रीय संघात महिलांची जागा एकच होती, ती मागणाऱ्या मुली दोन उरल्या होत्या, आणि दोघींचा नावदिवस एकाच दिवशी होता. महासंघाच्या कचेरीत कॅलेंडर नसावं. असलं तर मागच्या वर्षीचं असावं.

कॅलेंडरात ज्या तारखेला आपलं नाव छापलेलं, तो आपला नावदिवस. त्याचं आमच्याकडे असं आहे, की वाढदिवसाला आमंत्रण द्यावं लागतं, नावदिवसाला द्यायचं नसतं. लोक आपले येतात. ज्याचं नाव असेल त्याने दार उघडं ठेवायचं, टेबल मांडायचं आणि येईल त्याच्याबरोबर बसून खायचं. ‘बरोबर’ हे महत्त्वाचं. पाहुण्यांना वाढून स्वतः नुसता बघत बसणारा माणूस आमच्या सिगुल्दात एक तर आजारी समजला जातो, नाही तर रीगाहून आलेला.

मी ट्रॅकच्या तळाशी काट्यावर बसतो. चाळीस वर्षं दूध डेअरीच्या काट्यावर बसलो होतो. डेअरी बंद पडली तेव्हा महासंघाला एक विश्वासू काटेवाला हवा होता आणि मला एक काटा हवा होता. कामात फार फरक नाही. कॅनऐवजी मुली येतात आणि त्या वजन कमी भरल्याबद्दल भांडत नाहीत, जास्त भरल्याबद्दल भांडतात.

कारण नियमच तसा आहे. स्केलेटनमध्ये छोट्या लोखंडी गाडीवर पोटावर पडून, डोकं पुढे करून, बर्फाच्या घळीतून ताशी सव्वाशे किलोमीटरने खाली यायचं असतं. जितकं वजन जास्त, तितका वेग जास्त. म्हणून बाई आणि गाडी मिळून एकशे दोन किलोंच्या वर जाता कामा नये. खाली आल्या आल्या, कुणाला मिठी मारायच्या आत, गाडीसकट माझ्या काट्यावर उभं राहायचं. थोडं जरी जास्त भरलं तरी ती धाव रद्द, आणि चार धावांची बेरीज धरायची असल्यामुळे एक धाव रद्द म्हणजे सगळंच रद्द.

इवेता आमच्याच शाळेत व्यायाम शिकवते. वय एकतीस, उंच, खांदे सुताराच्या दारासारखे. गाडी हलक्यात हलकी घेऊनसुद्धा ती कशीबशी मर्यादेच्या आत बसते. सप्टेंबरपासून ती उकडलेलं बीट आणि ताकासारखं केफिर यांच्यावर जगत होती. ओतिलिया एकवीस वर्षांची, लिएपायाकडची, फुंकर मारली तर समुद्रापर्यंत जाईल अशी. तिच्या गाडीत नियमात बसेल तेवढं शिसं ठोकलेलं होतं, तरी गाडीसकट तिचं वजन शहाण्णवच्या पुढे जायचं नाही. एकीला वर जायची चोरी, दुसरीला वर जायची हाव.

इवेता याआधी दोनदा निवडीत दुसरी आलेली होती. जागा एक असताना दुसरा येणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि पुढच्या हंगामापासून सव्वीसच्या वरच्या मुली निवडीला घ्यायच्या नाहीत, असं महासंघाने ऑक्टोबरातच कळवलं होतं. पत्रात ‘आपल्या योगदानाबद्दल आभारी आहोत’ असंही होतं. इवेताने ते पत्र मला वाचायला दिलं आणि म्हणाली, “काका, मी अजून जिवंत आहे, हे यांना कुणीतरी सांगा.”

बारा तारखेला सकाळी तिसरी धाव झाली तेव्हा बेरजेत इवेता नऊ शतांश सेकंदांनी पुढे होती. बाकीच्या तिघी आदल्या दिवशीच फार मागे पडल्या होत्या. इवेता गाडी उचलून काट्यावर आली.

“किती, काका?”

“एकशे एक, सातशे.”

“म्हणजे तीनशे ग्रॅम हातात.”

“पुष्कळ आहेत. दुपारपर्यंत काही खाऊ नकोस म्हणजे झालं.”

“ते तुम्ही मला काय सांगता? तिला सांगा.” तिने मानेने दाराकडे खूण केली.

दारात वेल्तामावशी उभी होती. वय अठ्ठ्याहत्तर. इवेताला तिनेच लहानाचं मोठं केलं. मागे लहान मुलांची लाकडी ढकलगाडी होती, आणि तिच्यावर पांढऱ्या फडक्याखाली क्लिंगेरिस निजलेला होता. क्लिंगेरिस म्हणजे केशर, मनुका, बदाम घातलेला, पिळा देऊन भाजलेला गोड पाव. साधा असतो तो एक किलोचा. हा चार माणसांनी उचलावा असा होता.

“मावशी,” इवेता म्हणाली, “शर्यत झाली की सगळे बसून खाऊ ना.”

“शर्यत होईतो अंधार पडतो. अंधारात नावदिवस करायला आपण काय चोर आहोत?”

“पण इथे?”

“घरी केला असता तर तू आली असतीस का?”

“नसते आले.”

“मग इथेच.”

तळाच्या उपाहारगृहातली चार टेबलं जोडून मावशीने चादर घातली. तेवढ्यात तिला कोपऱ्यात ओतिलिया दिसली. ती एकटीच भिंतीला टेकून गाडीच्या पात्यांवर बारीक कागद घासत होती.

“ए मुली, तुझंही नाव आहे ना आजच्या चौकटीत?”

“आहे.”

“तुझ्याकडचं कोण आलंय?”

“कुणी नाही. आईची ड्यूटी आहे.”

“मग इथं बस. एका तारखेला दोन टेबलं मांडायला मी काही महासंघ नाही.”

ओतिलियाचे प्रशिक्षक क्रास्तेनबेर्ग्स हे एरवी शिस्तीचे गृहस्थ. त्यांच्या डोळ्यांत क्लिंगेरिस बघून पाणी आलं. “बस, बस,” ते म्हणाले, “आणि पोटभर खा. शिशाला मर्यादा आहे, केकला नाही.”

अकरापासून पाहुणे यायला लागले. शाळेचे मुख्याध्यापक आले, त्यांच्या बायकोने केलेले डुकराच्या चरबीचे पाव घेऊन. पोस्टातली बाई आली. शाळेची आठवी क आली, आख्खी. फुलं विषम संख्येत मोजून आणलेली होती, कारण सम संख्येत ती थडग्यावर नेतात आणि आठवी क-मध्ये एकाने सहा आणली होती, त्याला दारातच एक मोडायला लावलं. जो येई तो इवेताला फूल देई, मग बशीतला तुकडा उचलून तिच्या पुढ्यात धरी, आणि ती खाते का बघत उभा राही. हा काही दुष्टपणा नव्हे, ही रीत आहे. तिने प्रत्येकाच्या हातचा चिमूटभर तोडून तोंडात टाकला. उरलेला बशीत. बशी भरली की मावशी म्हणे, “थंड होतंय.” क्लिंगेरिस थंडच असतो, पण तेराव्या वर्षापासून मावशीला उलट बोलायची इवेताला सवय नव्हती, आणि एकतिसाव्या वर्षी ती लावून घ्यायला आजचा दिवस सोयीचा नव्हता.

मी टेबलाच्या टोकाला, इवेता आणि ओतिलिया यांच्या बरोबर समोर बसलो होतो. त्यामुळे जे कुणाला दिसलं नाही ते मला दिसलं. इवेताचा डावा हात टेबलाखाली गेला, तो बराच वेळ वर आला नाही, आणि ओतिलियाचे गाल फुगले.

“ताई,” ओतिलिया पुटपुटली, “हा पाचवा आहे.”

“तुला वजन हवंय ना?”

“हवंय. पण तुमच्याकडून घ्यायला कसंतरी वाटतं.”

“मावशीकडून घेतलास तर ती मला त्याच्या जोडीचा वाढते. गप खा.”

मी वाकून हळूच म्हटलं, “इवेता, एक किलो वाढला की खाली येताना तिचे किती वाचतात, ठाऊक आहे ना?”

“तीन शतांश.”

“आणि तुझी आघाडी?”

“नऊ.”

“मग काय चाललंय हे?”

“अजून दीड किलोपर्यंत चालेल, काका. मोजूनच देतेय.”

मी गणित शिकवत नाही, त्यामुळे माझ्या बशीकडे वळलो. पलीकडून मावशीने मान वळवली.

“इवेता, चावतेयस ना?”

“चावतेय.”

“काय चावतेयस? जबडा हलतोय, गिळताना काही दिसत नाही.”

“सावकाश गिळतेय, मावशी. व्यायामाची बाई आहे मी.”

आठवी क हसली. मावशीने अजून एक तुकडा वाढला.

दोन वाजता टेबल आवरलं. नियमाप्रमाणे धावेच्या एक तास आधीपर्यंत कुणालाही येऊन काट्यावर उभं राहता येतं. ओतिलिया आली. सकाळी गाडीसकट पंचाण्णव चारशे होती, आता शहाण्णव आठशे. क्रास्तेनबेर्ग्स आकड्याकडे असे बघत होते, जशी माणसं नातवाकडे बघतात. मग इवेता आली.

“एकशे एक, नऊशे.”

“दोनशे ग्रॅम?” ती म्हणाली. “मी तर काहीच खाल्लं नाही.”

“तेवीस पाहुणे होते. नऊ-नऊ ग्रॅमने झाले.”

“म्हणजे शंभर उरले.”

“शंभर म्हणजे पुष्कळ झाले,” मी म्हटलं. सकाळी तीनशेलाही पुष्कळच म्हटलं होतं. पण धीर देताना आकडे पारखायचे नसतात.

बाहेर उणे तेरा. मुलींना वर नेणारा ट्रक उभा होता, इंजिन गरम होत होतं. इवेता हेल्मेट काखेत धरून दाराशी थांबली होती, आणि तिच्या ओठांचा रंग मला आवडला नाही. तेव्हाच माझ्या ध्यानात आलं की तेवीस पाहुण्यांत मी नव्हतो. म्हणजे बसलो होतो, खाल्लंही होतं, पण हातचं असं काही दिलं नव्हतं. फुलं आणायची राहून गेली होती. नावदिवसाच्या माणसाला काही न देता पाठवणं बरं नव्हे. माझ्याजवळ थर्मासमध्ये लिंडनच्या फुलांचा चहा होता, माझ्याच पोळ्यांतला मध घातलेला. मी माझा डेअरीतला मग काढला, काठोकाठ भरला आणि तिच्या हातात दिला.

“नावदिवसाच्या शुभेच्छा, पोरी.”

“अरे वा, काका! मला वाटलं विसरलात.” तिने दोन्ही हातांनी मग धरला, डोळे मिटून पिऊन टाकला, आणि ट्रकमध्ये चढली.

चार महिने जी बाई दह्याची वाटी तोलून खात होती, सव्वा किलो क्लिंगेरिसला जिने टेबलाखालून वाट दाखवली, तिने चहाचा मग एका दमात संपवला. चाळीस वर्षं ज्याने मापात पाप होऊ दिलं नाही, त्याने तो भरून दिला. दोघांच्याही मनात काही आलं नाही. खाणं म्हणजे खाणं. चहा म्हणजे चहा. त्याला आमच्याकडे कुणी खाण्यात धरत नाही.

तो रिकामा मग विसळायला घेतला तेव्हा आत निळी रेघ दिसली. डेअरीचा मग. पाव लिटरची रेघ. चहा तिच्याही वर होता.

मी सिंकपाशी उभा राहून बेरीज केली. पुन्हा केली. दोन्ही वेळा एकशे दोन किलो दीडशे ग्रॅम आली. ट्रक शेवटच्या चढावर दिवा लावून निघाला होता.

आता काटेवाल्याने खेळाडूला सल्ला द्यायचा नाही, असा नियम आहे. काटेवाल्याने खेळाडूला चहा द्यायचा नाही, असा नियम नाही, कारण नियम करणाऱ्याला इतका मूर्ख काटेवाला सुचला नसावा. गप्प बसलो तर नियमात बसत होतं. मी पाच मिनिटं तसा बसूनही बघितलं. मग उठलो आणि शेजारच्या खोलीत पंचप्रमुख स्कायद्रितेबाईंकडे गेलो. त्या एरवी नगरपालिकेत लग्नं नोंदवतात. त्यामुळे माणसं ऐन वेळी येऊन काय काय कबूल करतात याचा त्यांना सराव आहे.

“बाई, माझ्या हातून एक झालंय.”

“काय?”

“इवेताला चहा पाजला. पाव लिटर. ती आता दीडशे ग्रॅम वर आहे, आणि तिला ते माहीत नाही.”

बाईंनी चष्मा काढला. “वर फोन करून सांगितलंत का?”

“सांगितलं तर सल्ला होतो.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर चहा होतो.”

त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, उघडलं नाही, नुसता त्यावर हात ठेवला. “एकट्या तिला सांगितलंत तर सल्ला. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलंत तर निवेदन. निवेदनाला मी परवानगी देते. पण लेखी नोंद होणार, ओयार्स. तुमच्या नावानिशी.”

वर स्टार्टवर विल्निस असतो; त्याच्याशी बोलायचा फोन ट्रॅकभरच्या कर्ण्यांना जोडता येतो. त्यांनी बटण दाबलं. मी आयुष्यात कर्ण्यावर बोललो नव्हतो.

“वरच्या विल्निसला आणि सर्वांना कळवण्यात येतं,” मी म्हणालो, आणि माझा आवाज जंगलातून फिरून माझ्याकडे परत आला, “की मी, काटेवाला ओयार्स, यानं इवेताला आत्ताच पाव लिटर चहा पाजला. त्याआधी ती एकशे एक नऊशे होती. बस्. एवढंच निवेदन आहे.”

आठवी क-ने टाळ्या वाजवल्या. क्रास्तेनबेर्ग्स कोट न घालताच खोलीत शिरले.

“हा सरळ सरळ सल्ला आहे!”

“निवेदन आहे,” बाई म्हणाल्या.

“पण फायदा तिला होतोय!”

“तोटा तिला आधीच झालाय. पाव लिटरचा.”

“मग माझ्या मुलीलाही अधिकाऱ्यांच्या हातचा चहा मिळाला पाहिजे.”

“तुमच्या मुलीच्या पोटात सव्वा किलो क्लिंगेरिस आहे, आणि तो इवेताने टेबलाखालून दिलेला आहे. टेबलाखाली सगळ्यांचे पाय असतात, क्रास्तेनबेर्ग्स, पंचांचेसुद्धा. त्याचीही नोंद घेऊ का?”

क्रास्तेनबेर्ग्स म्हणाले की काटेवाल्याविरुद्ध आपण लेखी तक्रार देणार. बाईंनी त्यांना कागद दिला. पेनही दिलं.

आणि तेव्हा आम्हा सगळ्यांना दिसलं की दारात वेल्तामावशी उभी आहे, आणि तिने हे ऐकलेलं आहे.

“टेबलाखालून?” ती म्हणाली.

क्रास्तेनबेर्ग्सनी तक्रारीच्या कागदात डोकं घातलं.

“सगळा?”

“सगळा नाही,” मी म्हटलं. “दोनशे ग्रॅम खाल्ला तिने. प्रत्येकाच्या हातचा घास घेतला, मावशी. रीत मोडली नाही.”

फोनमधून विल्निसचा आवाज आला. “ओयार्स? ती विचारतेय, किती काढू?”

मी स्कायद्रितेबाईंकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. फार लक्ष देऊन बघत होत्या. बाहेर फक्त भिंत होती.

“मला उत्तर देता येत नाही,” मी म्हटलं. “तिला वजाबाकी येते.”

“ती म्हणते लोकरीचा बनियन काढते. आणि विचारतेय, मावशी तिथे आहे का? असली तर तिला हे कळू देऊ नका. तिने विणलाय.”

हे सगळं कर्ण्यावर चाललं होतं. बटण बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मावशी पुढे आली आणि मला कोपराने बाजूला सारून फोनपाशी वाकली. ती अधिकारी नव्हती, तिला कुठलाच नियम लागू नव्हता.

“विल्निस, बनियन काढायचा नाही म्हणावं. उणे तेरा आहे, छाती उघडी पडेल. मोजे काढ. दोन्ही मिळून एक गुंडी लोकर गेलीय, शंभर ग्रॅम. आणि कमरेचा पट्टा काढ, तो सत्तर. झाले एकशे सत्तर. मी विणलंय, मला माहीत आहे.” मग थोडं थांबून म्हणाली, “आणि तिला म्हणावं, भूक नव्हती तर सरळ सांगायचं होतं. मी काय खाल्लं असतं तिला?”

मग विल्निस म्हणाला, “ती म्हणते, हो.”

आधी तिघी मुली खाली आल्या. मग ओतिलिया. स्टार्टला वाकून, गाडी एका हाताने ढकलत तीसेक मीटर जीव तोडून पळायचं असतं. क्लिंगेरिसने तिला तिथे अडवलं. सकाळपेक्षा पाच शतांश जास्त लागले, आणि क्रास्तेनबेर्ग्सनी तक्रारीच्या कागदावर दोन ओळी वाढवल्या. पण एकदा ती गाडीवर पडली आणि उतार लागला, की तोच क्लिंगेरिस कामाला आला. वळणागणिक आकडा सुधारत गेला. बावन्न सेकंद आणि अठ्ठेचाळीस शतांश. तिची त्या दोन दिवसांतली सगळ्यांत चांगली धाव. माझ्या काट्यावर ती शहाण्णव सातशे भरली आणि तिने विचारलं, “काका, कुठे टेकायला जागा आहे का?”

आता इवेताला बावन्न छप्पन्नपर्यंत यायचं होतं. सत्तावन्न म्हणजे बरोबरी, अठ्ठावन्न म्हणजे पुन्हा दुसरी.

स्टार्ट तिने उत्तम घेतला. अनवाणी पायांत खिळ्यांचे बूट, त्यामुळे पाय लवकर उचलले असतील. पहिल्या दिव्यापाशी फळ्यावर हिरवा आकडा आला, नऊ शतांश पुढे. सहाव्या वळणापाशी आठ. त्या वळणांत ती कायम सरळ, शाळेतल्या रांगेसारखी येते. तेराव्यात मात्र उशिरा वळली. वरच्या माइकमधून खांदा भिंतीला घासल्याचा आवाज आला, खरवडल्यासारखा, आणि आकडा चारवर आला. आठवी क ओरडायची थांबली. शेवटच्या सरळ उतारावर ती दिसली तेव्हा गाडी किंचित तिरकी होती. फळ्यावर तीन. मग दोन.

रेघ ओलांडली तेव्हा फळ्यावर एक होता. हिरवा.

एक शतांश म्हणजे किती, हे मला चाळीस वर्षं दूध मोजून सांगता येणार नाही. आठवी क-ला मात्र सांगता येत होतं, आणि त्यांनी ते फार मोठ्याने सांगितलं.

इवेता ब्रेकच्या उतारावरून पायाने गाडी अडवत आली, गाडी उचलली आणि कुणाकडेही न बघता काट्यावर उभी राहिली. मावशी दोरीच्या पलीकडे होती. क्रास्तेनबेर्ग्स माझ्या खांद्यावरून बघत होते, त्यांचा श्वास माझ्या कानात येत होता.

आकडा आला. एकशे दोन किलो, चाळीस ग्रॅम.

मी तो मोठ्याने वाचला. वाचायचाच असतो. “जास्त,” क्रास्तेनबेर्ग्स म्हणाले, पण हळू म्हणाले.

“बर्फ,” इवेता म्हणाली. “गाडीच्या पोटात बर्फ आहे.”

स्कायद्रितेबाईंनी या वेळी पुस्तक उघडलं. “स्वतःच्या हाताने, एकदा झटकता येतो. अवजार वापरायचं नाही. इतर कुणी हात लावायचा नाही.”

इवेताने काट्यावरून उतरून गाडी आडवी केली. तिच्या हाताची बोटं जवळजवळ वाकत नव्हती. तिने तळहाताने पात्यांच्या मधली जागा घासली, मग पालथ्या हाताने, मग गाडी एकदा जमिनीवर आपटली. टेबलस्पूनभर बर्फ पडला असेल. फार तर दोन. खांद्यावरचाही तिने झटकला, जिथे कापड फाटून निघालं होतं. मग पुन्हा चढली.

काटा स्थिर व्हायला चार सेकंद घेतो. मी त्याला आठ वर्षांपासून ओळखतो, त्या दिवशी मला सहा लागल्यासारखे वाटले.

“एकशे एक,” मी वाचलं, “नऊशे नव्वद.”

क्रास्तेनबेर्ग्स पुढे वाकले, स्वतः वाचलं, आणि टोपी काढली. तेवढं त्यांचं मन मोठं आहे. ओतिलिया बाकावरून उठून आली, पोटावर हात ठेवून.

“अभिनंदन, ताई. तुम्ही देत होतात ना, तेव्हा मी अजून एक मागायला हवा होता.”

“अजून एक खाल्ला असतास,” क्रास्तेनबेर्ग्स म्हणाले, “तर स्टार्टलाच बसून राहिली असतीस.”

मावशीने दोरी उचलली, आत आली आणि खाली बसून इवेताच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली. “मोजे कुठायत?” एवढंच विचारलं.

“वर राहिले.”

“विल्निसला सांगा खाली पाठव. नवे आहेत.”

तासाभराने स्कायद्रितेबाईंनी दाराला सूचना लावली. वर राष्ट्रीय संघाची यादी. पुरुषांची तीन नावं, आणि महिलांमध्ये एकच ओळ: इवेता मेझगाइले, सिगुल्दा. त्याखाली रेघ. रेघेखाली लिहिलेलं होतं की प्रशिक्षक क्रास्तेनबेर्ग्स यांच्या तक्रारीवरून, आणि संबंधितांच्या स्वतःच्या जाहीर निवेदनावरून, श्री. ओयार्स यांना पुढील निर्णय होईपर्यंत काट्यावरून मुक्त करण्यात येत आहे. योगदानाबद्दल आभारी आहोत, असंही होतं.

इवेता यादीसमोर बराच वेळ उभी होती. आपलं नाव तिने दोनदा वाचलं, आधी डोळ्यांनी, मग बोट ठेवून. मग बोट खाली सरकलं.

“काका,” ती म्हणाली, “तुमचंही नाव लागलंय की.”

“हो,” मी म्हटलं. “पण माझी निवड बिनविरोध झाली.”